नोझलवरचं बोट

रक्ताने भिजलेला टॉवेल हाताला गुंडाळून कोणी कॅज्युअल्टीत आलं, की सगळे धावतात. नातेवाईक आरडाओरडा करतात, वॉर्डबॉय ट्रॉली ओढत आणतो, सोबत आलेल्यांपैकी एखादा चक्कर येऊन बसतो आणि मग त्याच्याच तोंडावर पाणी मारावं लागतं. अशा हाताची मला फारशी भीती वाटत नाही. त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, त्याचं जे व्हायचं ते डोळ्यांदेखत होतं. मला धडकी भरते ती चालत येणाऱ्या, बाकावर शांत बसून पाळीची वाट बघणाऱ्या आणि पाळी आली की ओशाळं हसून 'काही विशेष नाही, जरासं टोचलं' म्हणणाऱ्या माणसाची.

माझा दादा नेमका तसला माणूस आहे. अचलपूरच्या पुढे आमची संत्र्याची बाग आहे, ती तोच बघतो. मी अमरावतीला एका दवाखान्यात कॅज्युअल्टीची नोकरी करते. दादाच्या डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला एका सकाळी टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं. ते बोट वाचवायचं तर त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर उघडावं लागणार होतं, आणि साऱ्या घरात हे फक्त मला कळत होतं. बाकीच्यांना त्या दिवशी दुसरं काम होतं.

मला कळत होतं ते अकोल्यामुळे. शिकून झाल्यावर मी काही काळ अकोल्याला सर्जरीत काम केलं. तिथे आमच्या एक मॅडम होत्या. हाताला लागलेला पेशंट आला की त्या आधी जखमेला हातच लावत नसत. हिरवं कापड टेबलावर पसरायच्या, पेशंटला दोन्ही हात त्यावर सैल सोडायला सांगायच्या आणि नुसत्या बघत बसायच्या. आम्हाला कंटाळा यायचा. बाहेर रांग लागलेली असायची, आणि या बाई लग्न ठरवायला आलेल्या पाहुण्यांसारख्या हात न्याहाळत बसलेल्या. पण सैल सोडलेल्या हाताची बोटं आपोआप थोडी वळतात, करंगळीकडे जावं तशी जास्त वळतात. त्यात एखादं बोट सरळ पडून राहिलं, तर बोट ओढणारी आतली स्नायूची दोरी तुटलेली असते, मग वरची चीर कितीही लहान का दिसेना. फुलं विकणाऱ्या एका बाईला फुटलेल्या बाटलीची काच लागली होती. मी दोन टाके घालून तिला घरी सोडायच्या बेतात होते. मॅडमनी लांबूनच त्या सरळ पडलेल्या बोटाकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, 'टाके राहू दे. ही बाई उद्या हार कशी ओवणार ते आधी सांग.'

आणि एक कापसाच्या जिनिंगमधला मेकॅनिक होता. मशीनला ग्रीस भरताना गन सुटली आणि बोटाच्या टोकाला टोचली, एवढीच त्याची तक्रार. रक्त नाही, सूज नाही, दुखणंही फारसं नाही. तो हसत होता, आम्हीही हसत होतो. मॅडम आल्या. त्यांनी विचारलं, गन कशाची, दाब किती, बोट कुठे होतं. मग त्यांनी त्याच्या बोटाला हातसुद्धा न लावता तळहात दाबला, पार बोटाच्या मुळापाशी. टोकाच्या त्या भोकातून काळ्या ग्रीसची शेवयीसारखी बारीक दोरी बाहेर आली. मेकॅनिक ती दोरी बघत होता आणि अजून अर्धवट हसतच होता, कारण चेहऱ्यावरचं हसू काढून घ्यायला त्याला वेळ मिळाला नव्हता. त्याचं बोट पुढे कसं गेलं ते मी रोज बघितलं, कारण त्याचं ड्रेसिंग माझ्याकडे होतं. त्यानंतर दाबाने चालणारं कुठलंही यंत्र आणि बोट हे दोन शब्द एका वाक्यात आले, की मी हातातलं काम सोडते.

त्या सकाळी ते दोन शब्द वहिनीच्या तोंडून आले. फोन तिने त्यासाठी केलाच नव्हता. पुतणीला बघायला तिवश्याहून पाहुणे येणार होते आणि मला येता येईल का, नाही तर निदान श्रीखंड तरी कोणाबरोबर पाठवता येईल का, एवढं विचारायला तो फोन होता. कॅज्युअल्टीत गर्दी होती, मी फोन कानाशी धरून एका पोराच्या छातीला स्टेथोस्कोप लावत होते. वहिनी बोलता बोलता हसत म्हणाली, 'आन् तुमच्या भावानं आजच बोटात फवारा मारून घेतला पाहा.'

मी स्टेथोस्कोप काढला.

झालं होतं असं. पाहुणे दुपारी येणार, तेवढ्यात सकाळचा फवारा उरकून घेऊ म्हणून दादा बागेत गेला होता. आमच्याकडे ट्रॅक्टरवर पंप असतो, त्याला लांब पाइप आणि पाइपाच्या टोकाला बंदुकीसारखी गन. दाब एवढा, की झाडाच्या शेंड्यापर्यंत औषध पोचतं. ड्रममधलं औषध जुन्या लुगड्यातून गाळून घेतलं, तरी कुठे तरी पाल्याचा कण, कुठे तरी गाळ नोझलमध्ये अडकतोच. मग करायचं काय? पंप बंद करायचा, दाब उतरू द्यायचा, नोझल उघडून काडीने साफ करायचं, असं पंप विकणारा सांगतो. असं करणारा माणूस मी आमच्या भागात पाहिलेला नाही. आमच्याकडे उजव्या हाताने गन धरतात, डाव्या हाताचं बोट नोझलच्या तोंडावर दाबतात, घोडा ओढतात आणि सोडतात. बोटामुळे पाणी मागे फिरतं, कचरा हलतो आणि नोझल मोकळं होतं. माझ्या वडिलांनी असंच केलं, दादा असंच करतो. मी लहानपणी नळाच्या पाइपवर असंच करायची. मात्र नळाला एवढा दाब नसतो.

मी वहिनीला विचारायला लागले, तर तिने सगळी उत्तरं आधीच तयार ठेवली होती. नाही, ओकारी नाही झाली. नाही, तोंडाला फेस नाही, डोळ्यापुढे अंधारी नाही, घाम नाही. आंघोळ केली, कपडे बदलले, हात साबणाने परत परत धुतला. तालुक्याच्या डॉक्टरलाही दाखवून आले. त्यांनी टॉर्चने डोळे बघितले, छाती तपासली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि काही त्रास वाटला तर लगेच यायला सांगितलं. हे सगळं ती अभिमानाने सांगत होती आणि तो अभिमान खोटाही नव्हता. आमच्या वऱ्हाडात फवारा मारताना विष अंगात जाऊन माणसं गेलेली आहेत. तेव्हापासून गावोगाव लोकांना शिकवलं आहे, की फवाऱ्याचं काही झालं की काय बघायचं, काय करायचं. तेच त्यांनी केलं होतं. एकूण एक गोष्ट बरोबर केली होती. फक्त सगळे जण विष शोधत होते. बोटाकडे कोणी बघितलं नव्हतं.

मी तिला व्हिडिओ कॉल करायला लावला. दादा पडद्यावर आला तो नवा शर्ट घालून, भांग पाडून. मी म्हटलं, दोन्ही हात टेबलावर ठेव. तो म्हणाला, 'काय ज्योतिष पाहतं काय माहं?' पण ठेवले. बोटाला हळद माखलेली होती. ती धुवून यायला सांगितली, तर बडबडत गेला आणि आला. भोक मला मोबाइलवर दिसलंसुद्धा नाही. दिसलं ते हे, की बाकीची बोटं सैल पडली होती आणि ते एक बोट किंचित जाड, किंचित पांढुरकं, भरून ठेवल्यासारखं दिसत होतं. मी त्याला दुसऱ्या हाताने तळहात दाबायला सांगितला, बोटाच्या मुळाशी. त्याने दाबला. चेहरा तसाच ठेवला. पण श्वास मध्येच थांबला, तो मी बघितला.

'दुखलं?'

'नाई.'

मी त्याला सरळ सांगितलं, की औषध त्याच्या पोटात नाही पण बोटात गेलं आहे, दाबाने पार आत घुसलं आहे, आणि आत्ता बाहेरून काही दिसत नसलं तरी आत ते एकेक पापुद्रा जाळत चाललं आहे. आत्ता निघ, काही खाऊ-पिऊ नको, मी इथल्या हाताच्या सर्जनशी बोलून ठेवते. तो ऐकून घेत होता, मोठा भाऊ धाकट्या बहिणीचं ऐकून घेतो तसं. मग म्हणाला, पाहुणे निघालेसुद्धा असतील. पोरीचा बाप दारात नाही तर लोक काय म्हणतील. उद्या सकाळी पहिल्या गाडीने येतो.

'दादा, उद्या बोट राहणार नाही.'

तो हसला. 'तू त पहिल्यापासूनच भेव दाखवते,' म्हणाला आणि फोन ठेवला.

मला त्याचा एवढा राग आला, की समोर बसलेल्या त्या पोराच्या आईला मी विनाकारण झापलं. सर्जनना फोन केला. आम्ही बरीच वर्षं एकमेकांना ओळखतो, उगाच घाबरवणारा माणूस नव्हे. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की पाण्यात औषध होतं की तेलात. मी तेलकट पांढरं म्हटल्यावर त्यांनी आपली ऑपरेशनची यादी मागवली. मग म्हणाले, 'घेऊन या. मी थिएटर मोकळं ठेवतो.' मी सहकाऱ्याला ड्यूटी सांभाळायला सांगितली आणि गाडी काढली. वाटेत श्रीखंड घेतलं. का घेतलं ते विचारू नका. रिकाम्या हाताने गेले असते तर दादाला माझ्याशी भांडायला तेवढंच कारण मिळालं असतं, असं काहीतरी डोक्यात असावं.

परतवाड्याचा रस्ता मला पाठ आहे, पण त्या दिवशी तो संपता संपेना. पुढे कापसाचे ट्रॅक्टर, त्यांच्यापुढे एस.टी. दर थोड्या वेळाने मी मनातल्या मनात त्याच्या बोटाच्या आत जात होते. आता सूज भरली असेल. आता आतली जागा संपली असेल. आता रक्त पुढे जायला वाट राहिली नसेल. ज्याला हे माहीत नसतं तो सुखी असतो, असं लोक म्हणतात. मी म्हणते, तो श्रीखंड खात असतो.

पोचले तेव्हा पाहुणे बसलेले होते. त्यांची गाडी फाटकातच आडवी लावलेली. ओसरीवर खुर्च्या, पोह्यांच्या बशा, कोणीतरी बागेची चौकशी करत होतं. दादा सगळ्यांच्या मध्ये बसला होता. डावा हात दुपट्ट्याखाली मांडीवर होता आणि तो उजव्या हाताने बशी पुढे करत होता, सुपारी देत होता, हसत होता. हसताना कपाळावर घामाचे थेंब होते. बाहेर ऊन फारसं नव्हतं.

मी सगळ्यांना नमस्कार केला आणि 'दादा, जरा आत ये' म्हटलं. माजघरात त्याने दुपट्टा बाजूला केला. बोट आता लपण्यासारखं नव्हतं. मुळापासून टोकापर्यंत फुगून टम्म झालेलं, जरासं वाकडं, टोकाला राखेसारखं करडं. मी पर्समधली पिन काढून टोकाला टोचली. विचारलं, टोचतंय? तो म्हणाला, काय टोचतंय? तो माझ्याकडे बघत होता. पिन बोटात उभी होती आणि त्याला कळलंच नव्हतं. बोट सरळ करायला गेले, तर मात्र कळ येऊन तो भिंतीला टेकला.

तरी म्हणाला, पाहुणे गेल्यावर.

मी आवाज चढवला असणार, कारण बघायला आलेल्या मुलाचे वडील दारात आले. भला माणूस. त्यांचीही तिवश्याकडे संत्र्याची बाग. काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं तर त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताचं बोट पुढे केलं आणि आपल्या नोझलची गोष्ट सांगितली. 'डॉक्टरीनबाई, आमी हे रोजच करतो. मलेई बसला होता एकदा फवारा. काई होत नाई. उतरते आपोआप.'

आणि मी दादाच्या चेहऱ्यावर ते बघितलं. त्याला हवी होती ती परवानगी मिळाली होती. एका बाजूला धाकटी बहीण, तिने कितीही शिकलेलं असो. दुसऱ्या बाजूला पोरीचा होणारा सासरा, वयाने मोठा, बागाईतदार, घरात पाहुणा म्हणून आलेला, आणि पाचही बोटं जागेवर असलेला. त्याचं म्हणणं खोटं पाडून उठून जायचं? दादाने दुपट्टा परत हातावर ओढला. मला तेव्हा काय वाटलं ते अजून आठवतं. मी खरं बोलत होते आणि ते कोणाच्या उपयोगाचं नव्हतं.

पुतणी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात चहाचा ट्रे, अंगावर वहिनीची जांभळी साडी. तिने सगळं ऐकलं असावं. तिने ट्रे पाटावर ठेवला, वडिलांकडे गेली, दुपट्टा उचलून हात बघितला आणि दुपट्टा परत टाकला. मग ती तशीच ओसरीवर गेली. ज्या खुर्च्यांपुढे तिने मान खाली घालून बसायचं होतं, त्यांच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, 'माह्या बाबाले आत्ता अमरावतीले न्या लागते. तुमी बसा, चहा घ्या. पण बाबा नाई थांबनार.'

वहिनीने पदर तोंडाला लावला. मुलाचे वडील माझ्या शेजारीच उभे होते; ते बाहेर गेले आणि फाटकातली आपली गाडी त्यांनी स्वतः बाजूला काढली. त्यांचे उपकार मानायचे माझ्याकडून राहूनच गेले.

गाडीत दादाने हात उशीवर वर धरून ठेवला होता. आता ठणका सुरू झाला होता आणि तो दात आवळून खिडकीबाहेरच्या दुसऱ्यांच्या बागा बघत होता. कोणाच्या झाडांवर कोळ्याची कीड पडली आहे, कोणी पाणी जास्त सोडलं आहे, हे तो एरवी बोलून दाखवतो. त्या दिवशी नाही. आसेगाव मागे टाकल्यावर त्याने विचारलं, 'बोट जाईन काय?'

मी म्हटलं, 'माहीत नाही. हात जाऊ नये म्हणून चाललोय.'

असं बोलायचं नसतं हे मला ठाऊक आहे. पेशंटला मी असं कधी बोलत नाही. पण तो पेशंट नव्हता, भाऊ होता, आणि मी घाबरलेली होते.

सर्जननी मला थिएटरमध्ये उभं राहू दिलं. बोट टोकापासून तळहातापर्यंत उघडलं, आणि आधी आला तो वास. आमच्या बागेचा वास. फवाऱ्याच्या दिवशी विहिरीपासून घरापर्यंत पसरणारा, आईला डोकं धरायला लावणारा, कपडे धुतले तरी न जाणारा तो वास त्या स्वच्छ, थंड खोलीत माझ्या भावाच्या बोटातून येत होता. दोरीच्या कडेकडेने पांढरट चिकट थर तळहाताच्या मधोमध पोचला होता. आजूबाजूचं मांस शिजवल्यासारखं झालं होतं. त्यांनी धुतलं, खरवडलं, परत धुतलं. जखम उघडीच ठेवली. दोन दिवसांआड परत धुवायचं ठरलं. हातमोजे काढताना मला म्हणाले, 'तळहात राहील असं वाटतं.' बोटाबद्दल ते काही म्हणाले नाहीत आणि मी विचारलं नाही.

बोट हळूहळू काळं पडलं. आधी टोक, मग नखाच्या मागे, मग सांध्यापर्यंत. रोज ड्रेसिंग सोडताना दादा ते कोणा परक्याच्या वस्तूकडे बघावं तसं बघायचा. शेवटी बोट काढावं लागलं, तेव्हा तो शुद्धीवर होता, नुसता हात बधिर केला होता. बाहेर आल्यावर त्याने पहिलं काय विचारलं असेल, तर सोयरीक राहिली का. राहिली होती. तिवश्याच्या लोकांनी मागे निरोप पाठवला होता, की जी पोरगी बापासाठी भर बैठकीत उभी राहू शकते, ती आमच्या घरात यावी.

लग्न बागेतच झालं. कन्यादानाला दादा वहिनीशेजारी बसला. भटजींनी ओंजळ करायला सांगितली, त्याने केली. जिथे बोट असायचं तिथून पाणी गळायला लागलं, पुन्हा ओतलं, पुन्हा गळालं. शेवटी वहिनीने खालून आपला हात लावला. पुतणी रडायला लागली, ती सासरी जायच्या रडण्याआधीच. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते आणि माझ्या मनात एवढंच येत होतं, की सकाळीच आला असता तर. पण तेही खरं नाही. सकाळी आला असता तरी बोट वाचलंच असतं असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दादाच्या तोंडावर मात्र हे मी कधी कबूल करणार नाही, नाही तर पुढच्या वेळी तो निघणारच नाही.

गावात सगळ्यांनी आपापला अर्थ काढला. औषध जहाल होतं म्हणून असं झालं, यावर एकमत झालं. दादा आता ते औषध वापरत नाही, दुसरं वापरतो. हातमोजे घालतो, तोंडाला रुमाल बांधतो, फवारा झाला की साबणाने आंघोळ करतो. मी गेले की प्रत्येक वेळी सांगते, की दोष औषधाचा निम्मा होता, निम्मा दाबाचा होता. सुई जशी आत जाते तसं पाणीसुद्धा आत जातं. सगळे ऐकतात. वहिनी चहा टाकते.

मागच्या हंगामात मी दोन दिवस सुट्टी काढून गेले होते. सकाळची वेळ, पंपाचा आवाज ऐकून मी बागेत गेले. दादा पाठमोरा उभा होता, गन शेंड्याकडे रोखलेली. फवारा मध्येच तुटला, एका बाजूने नुसती पिचकारी उडायला लागली. त्याने गन खाली घेतली. नोझल तोंडापुढे धरून बघितलं. पंप ट्रॅक्टरवर धडधडतच होता. मग त्याने डावा हात उचलला, हातमोजा दाताने ओढून काढला आणि मधलं बोट नोझलवर दाबलं.

मी ओरडले असेन. त्याने घोडा ओढला, सोडला, नोझल मोकळं झालं आणि फवारा पुन्हा पंख्यासारखा उघडला. तेव्हा कुठे त्याने वळून माझ्याकडे बघितलं. मी ट्रॅक्टरकडे पळत जाऊन पंप बंद केला. मला रडू येत होतं, रागाने की कशाने ते माहीत नाही. मी विचारलं, कावून? कावून केलं? मी त्याच्याशी एरवी इतकी वऱ्हाडी बोलत नाही.

तो खरंच गोंधळला होता. तिथे बाग होती, पंप होता, अडलेलं नोझल होतं आणि हात आपणहून उचलला गेला होता. एक बोट नव्हतं म्हणून शेजारचं पुढे झालं होतं. त्याने ड्रममधल्या नितळ पाण्याकडे हात केला आणि माझी समजूत घालत म्हणाला, 'अवं, आज पाइप धुऊन राहिलो. साधं पाणी हाय बाई, विष नाई.'

मी त्याला बांधावर बसवलं. चष्मा लावला, त्याचं ते मधलं बोट उन्हाकडे धरलं आणि भोक शोधायला लागले. कातडी जाड, रापलेली, भेगाभेगांची. त्यात टाचणीएवढं भोक असेल तरी कसं दिसावं. टोक लाल होतं का? सगळीच बोटं लाल होती. दुसरा हात तळव्याखाली धरून मी बोटाच्या मुळाशी दाबलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत विचारलं, दुखतं?

'नाई,' दादा म्हणाला.

पहिल्या वेळीही तो हेच म्हणाला होता. मी त्याचा हात सोडला नाही.